गिरणीला मॅग्नेट बसवलं त्याच्या नोंदी (ज्वारीतलं लोखंड पकडायला)

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

सोलापुरात विडी घरकुलात आमच्या दाजींची पिठाची गिरणी आहे, दहा एचपीची. परवा एक मावशी फडक्यात भाकरीचा तुकडा बांधून आल्या आणि काउंटरवर ठेवला. आत तारेचा बारका तुकडा, पेरापेक्षा लहान पण टोकदार. "नातू जेवायला बसला होता," एवढंच बोलल्या, भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तार त्यांच्या घरच्या चाळणीची पण असू शकते, पण दाजी तसं म्हणाले नाहीत. रात्री अक्काचा फोन, तू मोबाईल रिपेरिंग करतोस, तुझ्याकडं ते स्क्रू ओढायचं मॅग्नेट असतंय की, तसलंच मोठं काहीतरी बसव बघू गिरणीला.

म्हटलं एका रविवारचं काम आहे. नोंदी ठेवतोय कारण अजून दोन गिरणीवाले विचारायलेत, त्यांना तरी माझ्याइतका वेळ लागू नये.

आज फक्त बघितलं की ज्वारीत खरंच लोखंड येतं का. जुन्या स्पीकरचं मॅग्नेट पॉलिथिनच्या पिशवीत घालून दहा किलो मालदांडी ज्वारीतून हळूहळू फिरवलं. पिशवी का, तर पिशवी मॅग्नेटवरून उलटी करत काढली की चिकटलेलं सगळं पिशवीत राहतं, मॅग्नेटला हात लावून खरवडत बसायला नको. निघालं काय : एक गंजका बारीक खिळा, स्टेपलरची एक पिन, दाभणाचं मोडकं टोक, आणि चिमूटभर काळी भुकटी. भुकटी बघून दाजींचा चेहराच उतरला, त्यांना वाटलं गिरणीच झिजायली. पण ही ज्वारी अजून गिरणीत गेलीच नव्हती. भुकटीचं नंतर बघू.

४ फेब्रुवारी, मंगळवार

भंगारवाल्याकडून दोन मोठे स्पीकर आणले, दोन्हीचे मिळून १५० रुपये. मागचं काळं गोल मॅग्नेट म्हणजे फेराइट, लोखंडाच्या गंजाची पावडर आणि बेरियम किंवा स्ट्रॉन्शियमचा क्षार एकत्र भाजून केलेलं, थोडक्यात मातीच्या भांड्याचा भाऊ. हे मला आधी माहीत असतं तर छिन्नी लावून हातोडा मारला नसता. पहिलं कडकन दोन तुकडे.

म्हटलं जोडून चिकटवू, तर तुकडे जिथं मोडले तिथंच एकमेकांना ढकलायले. तासभर मी ते दाबून धरतोय आणि ते वळून उलटं बसतंय. मग डोक्यात प्रकाश पडला. या रिंगची एक सपाट बाजू उत्तर ध्रुव आणि दुसरी सपाट बाजू दक्षिण. तोडली तरी प्रत्येक तुकड्याला वर एक आणि खाली दुसरा असे दोन्ही ध्रुव आहेतच, नुसता उत्तर किंवा नुसता दक्षिण असा तुकडा कधी मिळतच नाही. म्हणजे दोन्ही तुकडे सरळ शेजारी ठेवले की उत्तराशेजारी उत्तर येतो, मग ढकलणारच.

दुसऱ्या स्पीकरची चकती थिनरमध्ये रात्रभर बुडवून गोंद सैल केला आणि मग काढली. हे आधीच करायचं.

९ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस पूर्ण वाया. तेच सविस्तर लिहितो.

हॉपर, म्हणजे वरून ज्वारी ओततात ती पेटी, साध्या लोखंडी पत्र्याचा आहे. मी फेराइटची रिंग त्याच्या बाहेरून, खालच्या तोंडाजवळ लावली. पटकन चिकटली, गोंद नको, स्क्रू नको. दाजींना म्हटलं झालं काम, चहा सांगा. मग चाचणी म्हणून आत चार खिळे टाकले. चारही घरंगळत खाली. आतून हाताने खिळा बरोबर रिंगच्या समोर धरला तर थोडीशी ओढ लागते, सोडला की पडतो.

मॅग्नेट पत्र्यालाच चिकटून खूश आहे. त्याचं जे काही चुंबकी क्षेत्र आहे, म्हणजे त्याची ओढ जिथवर पसरते ते, पत्र्यातूनच एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडं वळून जातं, आत ज्वारीपर्यंत फारसं पोचतच नाही. पाणी जसं चरातून निघून जातं आणि वाफ्यात येत नाही तसं. लोखंडातून त्याला वाट सोपी, हवेतून अवघड. घट्ट चिकटलंय म्हणजे पलीकडं पण जोरात ओढतंय असं आपल्याला वाटतं, इथं बरोबर उलटं आहे.

म्हणून ज्यांचा हॉपर लोखंडी आहे त्यांनी बाहेरून मॅग्नेट लावायच्या भानगडीत पडू नका, कितीही महागाचं असू द्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज दुकान लवकर बंद करून नुसतं खेळत बसलो, पण या खेळातूनच पुढचं सगळं सुचलं. लेथवाल्याकडून ग्राइंडरखालची लोखंडी भुकटी मूठभर आणली, फुकट. मोबाईलच्या तुटलेल्या टेम्पर्ड ग्लासवर पसरली आणि खालून मॅग्नेट लावलं. शाळेत बघितलेलंच, भुकटी उभी राहते आणि रेघा बनतात. पण यावेळी नीट बघितलं. सपाट बाजूच्या मधोमध भुकटी कमी आणि कडांना जास्त, अगदी मिशीसारखी उभी. मग काच आणि मॅग्नेटच्या मध्ये लोखंडी पत्र्याचा तुकडा सरकवला तर सगळी मिशी आडवी. रविवारी काय झालं ते इथं डोळ्यांनी दिसलं.

ध्रुव ओळखायला मोबाईलमधलं होकायंत्र वापरू नका. मॅग्नेट जवळ नेलं की ते वेडं होतं आणि नंतर पण बराच वेळ चुकीचं दाखवतं, हवेत आठचा आकडा काढत फोन फिरवावा लागतो. त्यापेक्षा दोरा. मॅग्नेट दोऱ्याने आडवं टांगायचं, हलायचं थांबलं की उत्तरेकडं बघणारी बाजू ती उत्तर, तिला खडूने खूण. पण दुकानात टांगलं तर शटरकडं बघतंय, गच्चीवर टांगलं तर टाकीच्या स्टँडकडं. शेवटी मोकळ्या मैदानात जाऊन उभा राहिलो हातात दोरा धरून, पोरं क्रिकेट सोडून बघायला आली, काय करायलाव वो काका म्हणून.

पृथ्वीचं क्षेत्र इतकं हलकं आहे की जवळचं लोखंड त्याला खाऊनच टाकतं. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून हे क्षेत्र मोजायचे, पण शहरात विजेवरची ट्राम येणार म्हटल्यावर १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवलं. माझं शटर म्हणजे त्याच जातीचं प्रकरण.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुण्याहून निओडिमियमच्या आठ पट्ट्या आल्या, ४० बाय २० बाय १० मिमी, एक ३८० रुपयाला, कुरिअर ९०. हे मॅग्नेट १९८० च्या दशकात आलं, आकाराच्या मानाने फेराइटच्या कितीतरी पट जोर. दिसायला चकचकीत म्हणजे वरून निकेलचा मुलामा, आत पावडर दाबून भाजलेलीच, म्हणजे हे पण ठिसूळ.

ठिसूळ आहे हे मला माहीत होतं, तरी दोन पट्ट्या टेबलावर वीतभर अंतराने ठेवून तिसरी काढायला वळलो. मागं फट्ट असा आवाज. दोन्ही एकमेकींवर जाऊन आदळल्या, एकीचा कोपरा उडाला आणि दुसरीला आरपार चीर. कोपऱ्याचा तुकडा सुईसारखा, गालाला लागला, डोळ्यात गेला असता तर आज ही नोंद कुणी दुसऱ्याने लिहिली असती. ७६० रुपये दहा मिनिटांत गेले. चष्मा घाला, आणि एका वेळी एकच पट्टी डब्यातून काढा. एकमेकींना चिकटल्या तर सरळ ओढून सुटत नाहीत, टेबलाच्या कडेला धरून आडव्या सरकवायच्या.

अक्काच्या घरात लहान पोरगी आहे, म्हणून डबा तिच्या घरी ठेवला नाही. मुलांनी अशी दोन-तीन बारकी मॅग्नेट गिळली तर ती पोटात आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढून धरतात आणि आतडं फाटतं, ऑपरेशनचं काम. पेसमेकर बसवलेल्या माणसाने पण लांब राहायचं. गिरणीवर तशी एक आजोबांची जोडी येते, त्यातल्या एकांना पेसमेकर आहे, त्यांना दाजींनी सांगून ठेवलंय की बाकड्यावर बसा, दळण आम्ही आणून देतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

विकणाऱ्याने लिहिलं होतं २० किलो ओढ. लगेजचा लटकता वजनकाटा घेऊन मोजलं. दुकानातल्या जाड लोखंडी व्हाइसवर (टेबलाच्या पकडीवर) टेकवून ओढलं तर १६ किलोला सुटलं, ठीक आहे. मध्ये ३ मिमी प्लायवूड ठेवलं तर ७ च्या आसपास. १० मिमीची लाकडी पट्टी ठेवली तर दीड किलो पण नीट येईना. आणि व्हाइसऐवजी कपाटाच्या पातळ पत्र्यावर लावलं तर मध्ये काही न ठेवता सुद्धा चारच किलो, कारण पातळ पत्रा भरून जातो, त्यापेक्षा जास्त क्षेत्र त्याच्यात मावत नाही.

जाहिरातीतला आकडा म्हणजे जाड, सपाट, स्वच्छ लोखंडाला टेकवून सरळ ओढल्यावरचा. ज्वारीत पडलेली पिन ना जाड ना सपाट, ती तर सेंटिमीटरभर ज्वारीच्या थराखाली घरंगळत चाललेली असते. दाजी म्हणत होते अजून मोठं मॅग्नेट घेऊ की, मी म्हटलं मोठं घेऊन काय उपयोग दाजी, ज्वारीच मॅग्नेटच्या जवळ आणावी लागेल, पातळ थरात.

२३ फेब्रुवारी, रविवार

हॉपर आणि गिरणीच्या तोंडामध्ये तिरकी घसरण बसवायची, २५ सेंटिमीटर रुंद, ज्वारी तिच्यावरून पातळ थरात घसरत जाईल, खाली मॅग्नेट. मॅग्नेट धान्यात नको, एखादं सुटून गिरणीच्या दगडात गेलं तर विषयच संपला, म्हणून घसरणीच्या खाली बंद पेटीत.

घसरण अशा पत्र्याची पाहिजे ज्याला मॅग्नेट चिकटत नाही. घरातलं जुनं स्टीलचं ताट कापायला घेतलं, आईने शिव्या दिल्या, आणि कापायच्या आधी सहज पट्टी लावून बघितली तर ताटाला घट्ट चिकटली. सगळं स्टेनलेस स्टील बिनचुंबकी नसतं. पत्र्याच्या दुकानात खिशात मॅग्नेट घेऊन गेलो, ३०४ नंबरच्या स्टेनलेसचा एक मिमी पत्रा मागितला, लावून बघितला, चिकटला नाही, घेतला. ४५० रुपये. गंमत म्हणजे वेल्डिंगवाल्या अण्णांनी त्याच्या कडा वाकवल्यावर फक्त त्या वाकलेल्या कडांना मॅग्नेट किंचित ओढायला लागलं. मला वाटलं दुकानदाराने फसवलं. तसं नाही, थंड पत्रा वाकवला की वाकलेल्या जागी त्याची आतली रचना बदलते आणि तेवढाच भाग थोडा चुंबकी होतो. मधला सपाट भाग साफ आहे ना, मग काम चालतं.

२ मार्च, रविवार

सहा पट्ट्या दोन ओळींत लाकडी फळीवर झटपट गोंदाने चिकटवल्या, सगळ्यांचा उत्तर वर. मला वाटलं सगळ्या एकाच बाजूने ओढतील तर जोर वाढेल. लावतानाच शेजारची पट्टी शेजारच्या पट्टीला ढकलायली, मी कशाबशा दाबून धरल्या.

चाचणी आता ठरवून घेतली, प्रत्येक वेळी तीच : दहा किलो ज्वारीत २० तुकडे मोजून मिसळायचे, १० स्टेपलर पिना, ५ बारीक खिळे, ५ तारेचे तुकडे. आज पकडले ६. तेही सगळे बाहेरच्या कडेला, मधल्या भागात एकही नाही. बारा तारखेची मिशी आठवली. लोखंड नुसत्या क्षेत्राने ओढलं जात नाही, क्षेत्र जिथं थोड्या अंतरात झपाट्याने बदलतं तिथं ओढलं जातं. सगळे उत्तर शेजारीशेजारी ठेवल्यावर मध्ये मोठं एकसारखं मैदान तयार झालं, बदल फक्त कडेला.

त्यातच घसरणीचा उतार २५ अंश ठेवलेला, ज्वारी मध्येच अडून बसली, झाडूच्या काडीने ढोसावी लागली.

५ मार्च, बुधवार

सकाळी दाजींचा फोन, आत खटखट वाजायलंय. पेटी उघडली तर दोन पट्ट्यांचा गोंद सुटून त्या तिसरीवर उड्या मारून बसलेल्या. झटपट गोंद चकचकीत निकेलवर धरत नाही, त्यात गिरणीची थरथर आणि पत्र्याच्या छपराखालची गरमी. नशीब पेटी बंद होती.

मध्येच एक वळसा. दाजींचा मोटार रिवाइंडिंगवाला मित्र म्हणाला, मॅग्नेट कशाला, कॉइल गुंडाळ, करंट दिला की चुंबक, बंद केला की लोखंड आपोआप पडतंय, साफसफाई फुकट. ऐकायला भारी वाटलं. जाड बोल्टवर तीनशे वेढे मारून बारा व्होल्टवर लावून बघितलं, ओढ चांगली पण दहा मिनिटांत हात लावता येईना. आणि लाईट गेली की पकडलेलं सगळं लोखंड एकदम सुटून थेट दगडात जाणार, आणि आमच्याकडं लाईट जाते. विषय बंद. दोन दिवस आणि तांब्याची तार गेली, तार त्याचीच होती.

९ मार्च, रविवार

नवीन रचना :

लाकडी फळीच्या जागी ५ मिमी जाड लोखंडी पट्टी, २६० रुपये. पट्ट्या तिच्यावर, आणि आता शेजारीशेजारी उलटसुलट, एकीचा उत्तर वर, शेजारचीचा दक्षिण वर. आता त्या ढकलत नाहीत, उलट एकमेकींना खेचायला बघतात, म्हणून मध्ये १० मिमीच्या लाकडी चिपा. खालच्या बाजूचं क्षेत्र जाड लोखंडातून शेजारच्या पट्टीकडं वळतं, हवेत वाया जात नाही, त्यामुळं वरच्या बाजूला जोर वाढतो. जे लोखंड ९ फेब्रुवारीला वैरी होतं तेच मागच्या बाजूला लावल्यावर कामाला आलं. स्पीकरमध्ये पण मॅग्नेटला पुढंमागं लोखंडी चकत्या असतात त्या याचसाठी, मी त्या भंगार म्हणून फेकल्या होत्या.

गोंद दोन ट्यूबवाला, १८० रुपये. निकेलवर पॉलिश पेपर हलकाच फिरवला, जास्त घासला तर मुलामा जाऊन आतून गंज धरतो. चोवीस तास हात लावायचा नाही, आणि वरून ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने आवळली, नुसत्या गोंदावर विश्वास संपला.

१५ मार्च, शनिवार

धुळवडीला गिरणी बंद होती, त्याचा फायदा घेऊन घसरण बदलली. ४० अंशाला ज्वारी धो धो पळते, पिना पण तिच्याबरोबर पळतात. ३५ वर थांबलो आणि तोंडाला एक सरकती फळी लावली, थर एक सेंटिमीटरच्या आत राहतो. गिरणी मिनिटाला दोन किलोच्या आसपास खाते, तेवढी ज्वारी आरामात जाते.

चाचणी : २० पैकी १७. पुन्हा केली, १९. सुटलेली ती एक पिन, दाण्यांच्या वरून तरंगत गेलेली. आता लोखंड सगळं पट्ट्यांच्या मधल्या रेघांवर जमतं, आडव्या ओळी, अगदी शिवण घातल्यासारख्या.

दाजींनी त्याच दिवशी काउंटरवर खडूने लिहिलं, आमच्याकडे चुंबक बसवला आहे. लगेच एक बाई विचारते, मग खडे पण निघतील की? नाही ताई, खडे नाही, तांब्याची तार नाही, ॲल्युमिनियम नाही, प्लास्टिक नाही. ज्वारी निवडूनच आणायची. चुंबक बसवला म्हणून लोकांनी निवडणं सोडलं तर आधीपेक्षा वाईट, हे मी दाजींना तेव्हाच बोललो.

१८ मार्च, मंगळवार

साफसफाईचा प्रश्न. पत्र्यावर चिकटलेलं लोखंड फडक्याने पुसलं तर इकडून तिकडं सरकतं फक्त. दाजींनी बोटाने ओरबाडलं, तार घुसली बोटात. अक्काने डोकं लावलं, कणकेचा गोळा घेऊन पत्र्यावर दाबला, पिना आणि भुकटी सगळं गोळ्यात. झकास. पण रोज कणीक कोण वाया घालवणार.

म्हणून पेटीला बिजागरी. हँडल ओढलं की मॅग्नेटची पेटी खाली झुलते, पत्र्यापासून वीतभर लांब जाते, आणि पत्र्यावरचं लोखंड आपोआप सुटतं, घसरण काढून परातीत झटकायची. अण्णांनी वेल्डिंग आणि बिजागरीचे ६०० घेतले. पहिल्यांदा हँडल बोटभर ठेवलं होतं, पेटी सुटेचना, दीड फुटाचं केल्यावर अक्का पण एका हाताने उघडते.

२० मार्च, गुरुवार

जे व्हायला नको तेच. दाजींनी संध्याकाळी हॉपरची फळी बंद न करता, गिरणी चालू असताना हँडल ओढलं. तीन दिवसांचं लोखंड एकदम ज्वारीबरोबर खाली. दगडातून कट्ट कट्ट आवाज आणि जळका वास. सहा किलो दळण फेकून दिलं, गिऱ्हाईकाला नवीन ज्वारी घेऊन दिली. आता हँडल आणि फळी एका साखळीने बांधलंय, फळी पूर्ण बंद झाल्याशिवाय हँडल हलतच नाही. हे पहिल्या दिवशीच सुचायला पाहिजे होतं. "तू नीट सांगितलं नाहीस," असं दाजी म्हणाले. होय, नाही सांगितलं.

३० मार्च, पाडवा

काळ्या भुकटीचा निकाल लागला. नवीन ज्वारी यायला लागल्यापासून भुकटी जास्तच दिसायली, रोज चमचाभर. अर्धी भुकटी आणि शेजारच्या वाटीत लेथची भुकटी, दोन्हीत मिठाचं पाणी घालून रात्रभर ठेवलं. सकाळी लेथच्या वाटीत तांबूस गंज, आमची भुकटी जशीच्या तशी काळी. म्हणजे ही गिरणीची झीज नाही. मग गच्चीवरच्या कुंडीतल्या काळ्या मातीत मॅग्नेट फिरवलं, तीच भुकटी. आपली काळी माती बेसॉल्टची, त्या दगडात मॅग्नेटाइट नावाचं चुंबकी खनिज असतं, दगड झिजून माती झाली तरी ते कण मातीत तसेच राहतात आणि ज्वारीच्या धुळीबरोबर येतात. मंगळवेढ्याकडची एक गोणी नुसती पाखडून घेतल्यावर भुकटी निम्म्याहून कमी झाली. दाजी दोन महिने गिरणी झिजली म्हणून झोपले नव्हते.

१३ एप्रिल, रविवार

गरमी ४२ च्या पुढं. मला धास्ती होती, साध्या निओडिमियमला ८० अंशाच्या वर नेलं की जोर कायमचा कमी होतो, थंड झाल्यावर पण परत येत नाही. दुपारी छपराखाली पेटीला थर्मामीटर लावला, ५१. चालतंय. पण हेच मॅग्नेट पीठ पडतं तिथं लावायचं डोक्यात होतं, तिथलं पीठ हाताला चटका देतं, ते रद्द. तिथं लावायचं तर फेराइट, त्याला गरमीचं काही वाटत नाही.

आणि तिथं लावायची गरज का पडली ते आज कळलं. दगडांना टाकी मारून झाली होती, म्हणजे गुळगुळीत झालेले दगड छिन्नीने परत खडबडीत केले होते. टाकीनंतरच्या पहिल्या पिठात पिशवीतलं मॅग्नेट फिरवलं तर करड्या बारीक मिशा. टाकीच्या टोकाची झीज! आमचं सगळं कौतुक हॉपरपाशी आणि हे लोखंड तयार होतंय त्याच्या पुढं, दगडातच. पीठ पडतं तिथं फेराइट बसवून बघितलं, पाच मिनिटांत पिठाचा थर बसतो आणि लोखंड त्याच्यावरून निघून जातं. सोडून दिलं. आता टाकी मारल्यावर तीन किलो खराब ज्वारी दळून फेकायची, पिठात पिशवीवालं मॅग्नेट फिरवायचं, मिशी आली तर अजून दोन किलो. आज पाच किलो लागले.

२७ एप्रिल, रविवार

हिशोब. पट्ट्या आठ ३०४०, कुरिअर ९०, स्पीकर १५०, स्टीलचा पत्रा ४५०, लोखंडी पट्टी २६०, वेल्डिंग ६००, गोंद १८०, पॉलिश पेपर, चिपा, स्क्रू मिळून १२०. एकूण ४८९०, त्यातले ७६० फुटलेल्या पट्ट्यांचे, आणि फेकलेलं दळण वेगळं. तयार मॅग्नेटिक ग्रिलला, म्हणजे धान्याच्या वाटेत बसवायच्या चुंबकी जाळीला, मला ९५०० सांगितले होते, तीन महिन्यांचे रविवार धरले तर ते काही महाग नव्हतं.

गव्हाला उतार कमी पडतोय, ३५ अंशाला गहू अडखळतो, थर जाड होतो. त्याला बदलता येईल असा उतार करायचाय, अण्णा पुढच्या आठवड्यात येतो म्हणालेत.

पकडलेलं लोखंड दाजींनी काचेच्या बरणीत घालून काउंटरवर ठेवलंय, बोटभर भरली आहे. खिळे, पिना, दाभणाची टोकं, एक बारका नट, कुठल्या तरी पोराच्या कंपासचं टोक. आज त्या पहिल्या मावशी दळण घेऊन आल्या, बरणी हातात घेऊन फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाल्या, "ह्यात माझ्या ज्वारीतलं काही नाही बघ, मी निवडून आणते." दाजी मान हलवून होय म्हणाले.